देवनागरी बटणातला मजकूर नेमका मध्यावर कसा आणायचा? (आणि दोन पिक्सेलांनी नक्की काय बिघडतं?)

तिरपीरेघ (धागाकर्ती):
मराठी ॲपच्या पडद्यांवर हमखास दिसणारी गोष्ट. बटण ४८ पिक्सेल उंच, अक्षर १६, लाइन-हाइट (ओळीची उंची) २४, वर १२ आणि खाली १२ पॅडिंग (आतली मोकळी जागा). हिशेब चोख. तरी 'जतन करा' बटणात जरा खाली घसरल्यासारखं दिसतं. स्क्रीनशॉट ८०० टक्के मोठा करून मोजला तर शिरोरेषेच्या वर २० पिक्सेल आणि अक्षराच्या पायाखाली १७. अक्षराचं धड ११. म्हणजे मजकूर मध्यापासून दीड पिक्सेल खाली आहे.

डिझाइनच्या फाइलमध्ये 'सेंटर' दाबलेलं आहे, कोडमध्येही सेंटर आहे. मग हा दीड पिक्सेल येतो कुठून? तो काढायचा तर फॉन्टमध्ये काढावा, पॅडिंगमध्ये काढावा, की सोडून द्यावा? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

नर्मदेतला_गोटा:
सोडून द्यावा. लोक बटण दाबतात, त्याला फूटपट्टी लावत नाहीत.

रफार_बहाद्दर:
गोटेराव आले, आता धागा शंभरी गाठणार. :)

चौकोनी_डोळा:
दीड पिक्सेल फॉन्टच्या फाइलमधून येतो. प्रत्येक फॉन्टमध्ये दोन आकडे लिहिलेले असतात: बेसलाइनच्या (अक्षराच्या पायाची रेघ) वर किती जागा धरायची आणि खाली किती. ब्राउझर या दोन्हींची बेरीज करून एक पेटी बनवतो, लाइन-हाइट त्याहून जास्त किंवा कमी असेल तर फरक वर-खाली निम्मा निम्मा वाटतो, आणि ती पेटी मध्यावर ठेवतो. अक्षर पेटीत कुठे आहे हे तो बघतच नाही. तुमचं 'सेंटर' पेटीचं आहे, अक्षराचं नाही.

मजकूर खरोखर मध्यावर हवा असेल तर अट एकच: वरचा आकडा वजा खालचा आकडा = धडाची उंची. रोमनमध्ये धड म्हणजे कॅपिटल अक्षराची उंची, देवनागरीत बेसलाइनपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत.

पॉपिन्स हा फॉन्ट बघा. वर १०५०, खाली ३५०, एकक १००० (म्हणजे अक्षराच्या मापाचे हजार भाग). वजाबाकी ७००, आणि कॅपिटलची उंची जवळपास तेवढीच. म्हणून पॉपिन्समधली इंग्रजी बटणं काही न करता मध्यावर दिसतात. नोटो सान्समध्ये १०६९ वजा २९३ म्हणजे ७७६, कॅपिटल ७१४. फरक ६२, त्याचा निम्मा ३१. १६ पिक्सेलला अर्धा पिक्सेल खाली.

देवनागरी फॉन्टांत हा फरक वाढतो, कारण शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा हवी म्हणून वरचा आकडा फुगवलेला असतो. खालीही उकार, ऋकार, रकार असतात, पण त्यांना सहसा त्या मानाने कमी जागा दिलेली असते. तुमच्या फॉन्टचे आकडे टाका, हिशेब करून देतो.

तिरपीरेघ:
वर १२००, खाली ३२०, एकक १०००.

चौकोनी_डोळा:
पेटी १.५२ × १६ = २४.३२ पिक्सेल. लाइन-हाइट २४, म्हणजे वर-खाली ०.१६ कापले जातात. बेसलाइन = १२ − ०.१६ + १९.२ = ३१.०४. बटणाच्या वरच्या कडेपासून धड २० ते ३१. खाली उरतात १७. तुम्ही मोजलेलं बरोबर आहे.

सूत्र म्हणून हवं असेल तर: (१.२० − ०.३२ − ०.६८७५) ÷ २ = ०.०९६ एम (०.६८७५ म्हणजे धड ११ ÷ १६; एक एम म्हणजे अक्षराचं माप). याला अक्षराच्या मापाने गुणा. १६ ला दीड पिक्सेल, २४ च्या शीर्षकाला २.३, १२ च्या बिल्ल्यावर (बॅज) १.२. बिल्ला २० पिक्सेल उंच असतो, तिथे १.२ जास्त खटकतो, कारण वर-खाली मुळातच जेमतेम सहा-सहा पिक्सेल मोकळे असतात.

अंकगणित_मास्तर:
सूत्र बरोबर. फक्त एक भर घालतो: मध्य धडावरून काढायचा, मात्रांसकट अख्ख्या शब्दावरून नाही. बरेच जण शब्दाची घट्ट चौकट काढून ती मध्यावर ठेवतात. 'रद्द करा' आणि शेजारी 'पुढे जा' ठेवा. 'पुढे'ला वर मात्रा आहे, खाली उकार आहे, 'रद्द'ला वर काहीच नाही. घट्ट चौकटीने दोन्ही मध्यावर आणली की दोन बटणांच्या शिरोरेषा वेगवेगळ्या उंचीवर येतात, आणि ते दीड पिक्सेलापेक्षा वाईट दिसतं. शिरोरेषा ही आखीव रेघ आहे. डोळा ती शेजारच्या बटणापर्यंत ओढून नेतो. रोमनमध्ये अशी रेघच नाही, म्हणून तिथे चूक लपते, आपल्याकडे लपत नाही.

खिळेजुळारी:
मास्तर, अगदी. अवांतर आहे पण राहवत नाही. शिशाच्या खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) काळातही दुखणं हेच होतं. ज्या पद्धतीत रफार-वेलांट्या वेगळ्या खिळ्यांवर असत आणि ओळ वरचा, मधला, खालचा अशा थरांत जुळवायची, तिथे एका थरात कागदाची पट्टी कमी पडली तरी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं (मुंबई, १८६९) नाव आजही निघतं ते त्या टायपाच्या वळणामुळे आणि बैठकीमुळे. खिळ्यांत जे हाताने भरायचे, ते आता फॉन्टच्या फाइलमध्ये दोन आकड्यांत भरतात. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. त्याची ओळ उंच का म्हणून लोक कुरकुरायचे. त्या उंचीत वेलांट्या बसत होत्या, हे ओळ आवळल्यावर कळायचं.

नर्मदेतला_गोटा:
इतिहास छान. पण प्रश्न तोच: कुणाला दिसतं? २००९ मध्ये डिझायनर डग्लस बोमन गूगल सोडून गेला तो याच असल्या गोष्टींवर वैतागून. दोन निळ्या छटांमधली एक ठरेना म्हणून मधल्या ४१ छटा तपासायच्या, आणि कडा ३ पिक्सेल, ४ की ५ यावर पुरावे मागायचे. एवढी काटेकोरी म्हणजे कामाचा खोळंबा.

डबलचष्मा:
गोटेराव, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. बोमनची तक्रार काटेकोरपणावर नव्हतीच, प्रत्येक निर्णय आकडेवारीवर सोपवण्यावर होती. कडा ३ की ५ हे प्रशिक्षित डोळ्याने ठरवून पुढे जावं, असं त्याचं म्हणणं.

आणि 'कुणाला दिसतं' याचं उत्तर फ्लोरिडा, २००० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. पाम बीच काउंटीची मतपत्रिका दोन पानांवर पसरलेली, छिद्रं मधोमध एका उभ्या रांगेत. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या ब्यूकॅनन यांचं. नाव आणि छिद्र यांची ओळ डोळ्याला सरळ लागत नव्हती. राज्याचा निकाल ५३७ मतांवर ठरला. तिथे कुणी फूटपट्टी लावली नव्हती, तरी फरक पडला.

नर्मदेतला_गोटा:
ते नाव आणि छिद्र यांच्या जोडीचं झालं. दीड पिक्सेल खाली असलेल्या 'जतन करा'मुळे कुणी 'रद्द करा' दाबत नाही.

ओसरी:
गोटेभाऊंचा मुद्दा अर्धा मान्य. सगळे पिक्सेल सारख्या किमतीचे नसतात. मराठी पडद्यांवर ज्यांची किंमत अर्थ बिघडून मोजावी लागते ते आधी सोडवा, बटणाचा मध्य नंतर.

पहिला, कापलेली मात्रा. लाइन-हाइट १ किंवा १.२ आणि त्यात ओव्हरफ्लो हिडन (पेटीबाहेरचं कापून टाकणारा नियम), की शिरोरेषेवरचा अनुस्वार गेला. 'खंत'चा 'खत' होतो, 'वंश'चा 'वश'. दोन ओळींनंतर मजकूर तोडण्याची जी युक्ती असते तिला ओव्हरफ्लो हिडन लागतंच, म्हणून बातम्यांच्या यादीत पहिल्या ओळीचे अनुस्वार आणि शेवटच्या ओळीचे उकार कापलेले दिसतात. उपाय: लाइन-हाइट किमान १.५, आणि त्या पेटीला वर ०.१५ एम पॅडिंग व तेवढंच उणं मार्जिन. कापायची कड वर सरकते, मांडणी हलत नाही. खालच्या बाजूला मात्र ही युक्ती जपून वापरा, पॅडिंग जास्त झालं तर तोडलेल्या तिसऱ्या ओळीची डोकी तिथे डोकावतात.

दुसरा, तीन टिंबं. हा आपल्या भाषेचा खास सापळा. आपलं क्रियापद शेवटी, 'नाही' त्याच्याही शेवटी. 'व्यवहार पूर्ण झालेला नाही' हे अरुंद खान्यात 'व्यवहार पूर्ण झालेला…' होतं. अर्थ उलटा! इंग्रजीत नकार आधी येतो म्हणून शेपूट कापलं तरी निभावतं. मराठीत स्थितीदर्शक मजकुराला टिंबं लावायचीच नाहीत. दोन ओळी होऊ द्या, नाहीतर वाक्य बदला: 'अपूर्ण व्यवहार', 'रक्कम परत'. नकार पहिल्या शब्दात आणा.

तिसरा, फिकट मजकूर. पांढऱ्यावर ७७७७७७ या रंग-क्रमांकाचा राखाडी ४.४८ : १ कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक) देतो, ७६७६७६ देतो ४.५४ : १. वेब सुलभतेच्या (डब्ल्यूसीएजी) निकषात साध्या मजकुराला ४.५ लागतात, म्हणजे एका पायरीने पहिला नापास. पण पास झालेला राखाडीसुद्धा १३ पिक्सेलच्या बारीक वजनात लावला तर वेलांटीची रेघ एका पिक्सेलहून बारीक होते, कडा गुळगुळीत करताना ती पांढऱ्यात मिसळते आणि प्रत्यक्षात कॉन्ट्रास्ट उरतच नाही. मराठीसाठी १४ च्या खाली 'लाइट' वजन वापरू नका. सूचना १३ च्या खाली नको, परिच्छेद १६ चा, लाइन-हाइट २६.

रफार_बहाद्दर:
'झालेला…' वाचून अंगावर काटा आला. पैसे गेले की नाही, ते त्या तीन टिंबांना ठाऊक.

नर्मदेतला_गोटा:
टिंबांचं मान्य. विनाअट. बटणाचं अजून नाही.

अंकगणित_मास्तर:
ओसरीताईंच्या यादीत आकडे राहिले. हिशेबाच्या तक्त्यात रकमा उजवीकडे लावल्या तरी एककाखाली एकक येईलच असं नाही, कारण पुष्कळ फॉन्टांत १ अरुंद आणि ८ रुंद असतो. रोमन आकड्यांना (म्हणजे 1, 2, 3) टॅब्युलर नम्स (सगळे आकडे सारख्या रुंदीचे करणारी सोय) लावलं की सुटतं. देवनागरी आकड्यांसाठी फॉन्टमध्ये ती सोय असेलच असं गृहीत धरू नका. तपासायची रीत सोपी: ती सोय चालू करून '११११११' खाली '८८८८८८' लिहा. रुंदी वेगळी आली तर सोय नाही. मग फॉन्ट बदला, नाहीतर त्या रकान्यात रोमन आकडे घ्या. लहान मापात १ आणि ९ यांचीही गल्लत होते, खाते क्रमांक १६ च्या खाली नको.

आणखी एक: जावास्क्रिप्टच्या आकडे मांडणाऱ्या सोयीला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) दिलं की ती आपणहून देवनागरी आकडे देते, '१,००,०००' असे. स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने बरोबर येतात. पण पडद्याचा उरलेला भाग रोमन आकड्यांत लिहिलेला असेल तर एकाच रांगेत दोन प्रकारचे आकडे दिसतात. हवं ते ठरवून 'एनयू-लॅटन' (रोमन आकडे) किंवा 'एनयू-देवा' (देवनागरी आकडे) जोडून टाका.

₹ पण बघा. चिन्ह २०१० चं, जुन्या फॉन्टांत नाहीच. ते दुसऱ्या फॉन्टातून उसनं येतं आणि आकड्यापेक्षा जाड किंवा उंच दिसतं.

पायवाट:
वाचतेय. बुकमार्क केला. एक शंका: इंग्रजी पडदा तसाच ठेवून फक्त मराठी मजकूर घातला की शिरोरेषा तुटते, अक्षरं सुटी सुटी दिसतात. का?

चौकोनी_डोळा:
लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये वाढवलेलं अंतर. गूगलच्या मटेरियल या डिझाइन-पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत बटणाच्या मजकुराला १.२५ अंतर दिलेलं होतं, कारण तिथे सगळी कॅपिटल अक्षरं असायची आणि त्यांना मोकळीक लागते. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पण अंतर मात्र लागू होतं आणि 'ज त न' होतं. मराठीसाठी ते शून्य करा, थेट भाषेच्या ॲट्रिब्यूटवर (मजकूर कुठल्या भाषेत ते सांगणारी खूण) नियम लावून. शीर्षकांना जे उणं अंतर देतात तेही काढा, त्याने अक्षरं एकमेकांवर चढतात.

त्याचाच भाऊ: अर्धपारदर्शक रंग. मजकुराचा रंग 'काळा, ६० टक्के' असा दिला की दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे रंग दोनदा बसतो आणि रेघेवर गडद ठिपके दिसतात. रंग अपारदर्शक राखाडी द्या. पारदर्शकता हवीच असेल तर ती रंगात न देता अख्ख्या घटकाला ओपॅसिटी म्हणून द्या, मग सांधे दिसत नाहीत. अक्षरांना बाह्यरेखा द्यायचा मोह झाला तर तिथेही हीच गत: प्रत्येक सांध्यावर उभी चीर.

ओसरी:
लेटर-स्पेसिंगवर पुरवणी. सुलभतेच्या १.४.१२ या निकषात अक्षरांत ०.१२ एम अंतर वाढवलं तरी पडदा मोडू नये असं आहे, पण ज्या लिपीत हे अंतर वापरतच नाहीत तिला सूटही तिथेच दिली आहे. तपासनीसाने हट्ट धरला तर तो परिच्छेद दाखवा. लाइन-हाइट १.५ ची अट मात्र आपल्यालाही लागू.

रफार_बहाद्दर:
भाषेचं ॲट्रिब्यूट निघालंय म्हणून: पानावर भाषा 'एचआय' (हिंदी) लिहून मराठी मजकूर टाकणारे भरपूर. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित केली त्यातही मराठी वळणच. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण 'एमआर' सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. एक शब्द लिहायचा, पडद्यावरचे सगळे ल बदलतात. यापेक्षा स्वस्त काटेकोरपणा दाखवा!

खिळेजुळारी:
आणि ऱ्य. 'आचार्यांना' वेगळे, 'आचाऱ्यांना' वेगळे. फॉन्ट हलका करण्यासाठी अक्षरं छाटताना अदृश्य जोडचिन्हं (यूनिकोडमधली २००सी आणि २००डी) छाटली गेली की जुन्या पद्धतीने टंकलेला ऱ्य मोडतो. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की समजावं कुणीतरी कात्री जास्त चालवली. यादीत ०९०० ते ०९७एफ, ती दोन जोडचिन्हं, २०बी९ हे रुपयाचं चिन्ह आणि २५सीसी हे वर्तुळ, एवढं ठेवाच.

नर्मदेतला_गोटा:
वर्तुळ दिसू नये म्हणून वर्तुळ ठेवायचं? व्वा.

खिळेजुळारी:
ते नसेल तर मोडका स्वर दुसऱ्या फॉन्टातल्या वर्तुळावर बसतो आणि आणखी भीषण दिसतो. :) मोडायचंच तर नीट मोडावं.

डबलचष्मा:
दुकानांच्या पाट्यांचा २०२२ चा नियम आठवला. मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. आता दोन्ही लिपींना एकच माप दिलं तर कागदोपत्री नियम पाळला, पण १०० च्या कॅपिटलशेजारी १०० ची देवनागरी बहुतेक फॉन्टांत लहानच दिसते, कारण तेवढ्याच मापात तिला मात्राही बसवायच्या असतात. पडद्यावरही तेच. रोमन १६ शेजारी देवनागरी १७ किंवा १८ लागते. दोन वेगळे फॉन्ट असतील तर देवनागरीच्या फॉन्ट-फेसमध्ये (फॉन्ट कसा वापरायचा ते ब्राउझरला सांगणारा नियम) साइझ-ॲडजस्ट १०८ टक्के टाकून धडाची उंची जुळवून बघा.

पाटी रंगवणारे आधी वरची आणि खालची रेघ आखून घेतात आणि धड त्यात बसवतात, मात्रा रेघेबाहेर. त्यांना हे कुणी शिकवायला लागलं नाही.

पायवाट:
मग चिन्हांचं काय? प्ले-बटणातला त्रिकोण नेहमी डावीकडे झुकलेला वाटतो.

अंकगणित_मास्तर:
त्रिकोणाचा तोलबिंदू पायापासून एक-तृतीयांशावर असतो, चौकटीचा मध्य अर्ध्यावर. फरक रुंदीचा एक-षष्ठांश. २४ रुंद त्रिकोण ४ पिक्सेल उजवीकडे सरकवला की तोल वर्तुळाच्या मध्यावर येतो. प्रत्यक्षात २ ते ३ पुरतात, ४ ला टोक कडेला भिडल्यासारखं होतं. डोळा आणि गणित यांत तडजोड करावी लागते ती इथे.

तसंच वर्तुळ आणि चौरस. एकाच उंचीचे ठेवले तर वर्तुळ लहान दिसतं. क्षेत्रफळ सारखं हवं तर व्यास बाजूच्या १.१३ पट. मटेरियलच्या २४ च्या चौकटीत म्हणूनच चौरस १८ चा आणि वर्तुळ २० चं आखलेलं आहे.

रफार_बहाद्दर:
गोल कोपरे पण सांगून टाका, म्हणजे शिकवणी पूर्ण.

अंकगणित_मास्तर:
बाहेरची त्रिज्या = आतली त्रिज्या + मधली जागा. कार्ड १६, पॅडिंग ८, तर आतलं चित्र ८. दोन्हीकडे १६ दिलं की कोपऱ्यात जाड चंद्रकोर दिसते. फी चहा.

चौकोनी_डोळा:
मूळ प्रश्नावर परत येऊ. दुरुस्तीचे मार्ग दोन.

एक, पॅडिंग. वर १०.५, खाली १३.५. दुप्पट घनतेच्या पडद्यावर हे २१ आणि २७ खरे पिक्सेल, स्वच्छ. एकपट घनतेवर अर्धा पिक्सेल पूर्ण होताना कुठे जाईल ते ब्राउझर ठरवतो, म्हणून तिथे ११ आणि १३ ठेवा, अर्धा पिक्सेल सोडून द्या. अँड्रॉइडवर ४२० डीपीआयचे फोन सर्रास असतात, तिथे १ डीपी (अँड्रॉइडचं मोजमाप) = २.६२५ पिक्सेल, काहीही अपूर्णांकच येतो. तिथे अर्ध्याचा हट्ट व्यर्थ. दोष: पॅडिंग एका फॉन्टाला बांधलं जातं. फॉन्ट बदलला की सगळी बटणं पुन्हा.

दोन, फॉन्ट-फेसमध्येच आकडे बदलणं. असेंट-ओव्हरराइड (वरचा आकडा) ११० टक्के, डिसेंट-ओव्हरराइड (खालचा आकडा) ४१ टक्के, लाइन-गॅप (ओळींमधली जादा जागा) शून्य. बेरीज १.५१, म्हणजे ओळीची उंची जवळपास तीच, पण वजाबाकी ०.६९, तुमच्या धडाइतकी. एका जागी बदल, मग बटण, बिल्ला, रकाना, सगळं एकदम मध्यावर. अक्षर पेटीबाहेर गेलं तरी वेबवर ते कापलं जात नाही, फक्त ओव्हरफ्लो हिडन असेल तिथे ओसरीताईंची युक्ती लावा. दोष: हे सगळ्या ब्राउझरांत चालत नाही, सफारीत तपासून घ्या. शक्य असेल तर फॉन्टच्या फाइलमध्येच आकडे बदलावेत, परवाना बघून.

नवी टेक्स्ट-बॉक्स सोय रोमनसाठी छान आहे, कॅपिटल ते बेसलाइन एवढंच ठेवून बाकी छाटते. पण तिच्यात 'शिरोरेषा' असा पर्याय नाही. ज्या फॉन्टमध्ये शिरोरेषा आणि कॅपिटल एकाच उंचीवर असतील तिथेच ती आपल्या कामाची.

आणि कुठेही लाइन-हाइट 'नॉर्मल' ठेवू नका. पहिला फॉन्ट रोबोटो असेल तर १६ ला ओळ १८.७५ ची. त्याच ओळीत एखादं नाव देवनागरीत आलं की उसन्या फॉन्टचे आकडे लागू होतात आणि ती एकच ओळ उंच होते. संपर्कांच्या यादीत मराठी नावांच्या ओळी जाड दिसतात त्या यामुळे.

ओसरी:
अँड्रॉइडसाठी जोड: नोटो देवनागरीचं एक 'यूआय' रूप आहे, त्यात मात्रा आवळून बसवलेल्या असतात. ओळ कमी उंचीची, पण रफार-वेलांटी-अनुस्वार एकत्र आले की गर्दी होते. बटणांना चालतं, परिच्छेदाला साधं रूपच बरं.

लिंकखालची रेघही उकारांतून जाते. अंडरलाइन-ऑफसेट ०.२ एम, आणि रेघेने अक्षराची शाई टाळण्याची सोय चालू ठेवा.

नर्मदेतला_गोटा:
एवढं सगळं प्रत्येक पडद्यावर हाताने मोजायचं?

चौकोनी_डोळा:
नाही. एक तपासणी पान करा: बटण, बिल्ला, रकाना, यादीची ओळ, शीर्षक. प्रत्येकात एकच छळवादी मजकूर. त्याचा स्क्रीनशॉट प्लेराइट या तपासणीच्या साधनाने जुन्याशी ताडून बघा. दोन पथ्यं: स्क्रीनशॉट नेहमी एकाच कंटेनरमध्ये (ठरलेल्या एकाच संगणक-व्यवस्थेत) काढा, कारण विंडोज आणि लिनक्स एकच अक्षर वेगळ्या कडांनी रंगवतात. आणि फॉन्ट लोड झाल्याची वाट बघा, नाहीतर उसन्या फॉन्टचाच फोटो 'बरोबर' म्हणून जपला जातो.

तिरपीरेघ:
मनापासून आभार. दुसरा मार्ग लावून मोजलं: वर १८.५, खाली १८.५. बिल्लाही सरळ झाला. सफारीसाठी पॅडिंगचा वेगळा नियम ठेवला आहे.

छळवादी मजकूर हा घेतलाय: 'मूर्तींच्या शत्रूंनी उद्ध्वस्त चिठ्ठ्या दृष्टीआड ८८१,११९'. वर रफार-वेलांटी-अनुस्वार, खाली त्रू, द्ध्व, ठ्ठ्य. काही राहिलं?

खिळेजुळारी:
ऱ्ह राहिला. 'ऱ्हस्व' घाला. श आणि ल पण नीट दिसू देत, 'कुशल' घाला.

अंकगणित_मास्तर:
८,८१,११९ लिहा हो. लाखाचा स्वल्पविराम तपासणी पानातच चुकला तर कसं व्हायचं?

तिरपीरेघ:
दोन्ही केलं. :) आता ३६० रुंदीच्या फोनवर बटणात मावत नाही, दोन ओळी होतात.

चौकोनी_डोळा:
होऊ द्या. ३६० वजा कडेचे ३२, उरले ३२८. दोन बटणं शेजारी ठेवली तर मध्ये ८ सोडून १६० एकेक, आतलं पॅडिंग वगळून मजकुराला १२८. 'जतन करून पुढे जा' तेवढ्यात बसेलच असं नाही. उंची ४८ पक्की न ठेवता किमान ४८ ठेवा, ओळ २४ च ठेवा, दोन ओळींचं बटण ७२ चं होईल. आणि शेजारचं बटणही तेवढंच उंच ताणलं जातंय ना, ते बघा.

नर्मदेतला_गोटा:
दोन ओळींच्या बटणाशेजारी एका ओळीचं. आता शिरोरेषा कुणाशी जुळवणार?

अंकगणित_मास्तर:
कुणाशीच नाही. एकाखाली एक ठेवा.